आपल्याच माणसांनी दुखावलं तर

मंडळी, या वेळचा विषय पाहून काही जण विचारतील, "हैदराबादच्या मराठी माणसाला अमेरिकेतल्या मॉर्मन लोकांशी काय देणंघेणं?" थोडं आहे. नोकरीमुळे माझी अर्धी टीम गेली काही वर्षं युटा राज्यात आहे. २०१९ मध्ये मी तीन महिने तिथल्या लीहाय या गावी राहून आलो. आपल्याच समाजातल्या, आपल्याच श्रद्धेच्या माणसांनी दुखावलं तर काय करायचं, या प्रश्नावर तिथली माणसं जितकं बोलताना मी ऐकली, तितकं आपल्याकडे कुणी बोलत नाही. आपल्याकडे माणूस गप्प बसतो, नाहीतर कार्यक्रमाला यायचं बंद करतो. मग कुणीतरी म्हणतं, "हल्ली ते दिसत नाहीत." विषय तिथेच संपतो.

आधी थोडी ओळख करून देतो. 'मॉर्मन' हे इतरांनी पाडलेलं नाव. पूर्ण नाव 'द चर्च ऑफ जीझस क्राइस्ट ऑफ लॅटर-डे सेंट्स'. २०१८ मध्ये त्यांचे तेव्हाचे अध्यक्ष रसेल नेल्सन यांनी टोपणनाव सोडून पूर्ण नावच वापरावं असं आवाहन केलं. १८३० मध्ये न्यूयॉर्क राज्यात जोसेफ स्मिथ यांनी हे चर्च स्थापन केलं. १८४४ मध्ये जमावाने त्यांना ठार मारलं. त्यानंतर ब्रिगहॅम यंग यांच्यामागे हे लोक पश्चिमेकडे निघाले आणि जुलै १८४७ मध्ये सॉल्ट लेकच्या खोऱ्यात पोचले. दारू, तंबाखू, कॉफी आणि आपला लाडका चहासुद्धा त्यांना वर्ज्य. उत्पन्नाचा दहावा हिस्सा चर्चला द्यायचा. महिन्यातून एकदा, साधारण पहिल्या रविवारी, उपास करायचा आणि वाचलेल्या जेवणाचे पैसे गरजूंसाठी द्यायचे. माणसं कष्टाळू आणि अडीअडचणीला धावून येणारी. मी तिथे एकटा आहे हे कळल्यावर पहिल्याच आठवड्यात शेजारच्या घरातून गरम पाव आला होता.

आता मुद्द्याची गोष्ट. त्यांच्या स्थानिक शाखेला 'वॉर्ड' म्हणतात, आणि आपल्या महापालिकेच्या वॉर्डासारखाच तिचाही हिशेब आहे. तुमच्या पत्त्यावरून तुमचा वॉर्ड ठरतो. या देवळातले पुजारी आवडले नाहीत म्हणून पुढच्या देवळात जा, असं तिथे सहसा चालत नाही. वॉर्डाचा प्रमुख म्हणजे बिशप. तो पगारी धर्मगुरू नसतो. आठवडाभर स्वतःची नोकरी किंवा दुकान सांभाळतो आणि साधारण पाच वर्षं बिनपगारी ही जबाबदारी घेतो. रविवारची भाषणं सभासदच आळीपाळीने करतात. मुलांना शिकवणं, गाणं, आजाऱ्यांची विचारपूस, सगळी कामं सभासदांनाच वाटून दिलेली असतात.

याचा फायदा मोठा आहे. कुणी परकं राहत नाही. पण याच रचनेत दुखावलं जाण्याचीही सोय आहे. युटातल्या अनेक वस्त्यांत शेजारी आणि वॉर्ड म्हणजे तीच माणसं. ज्या बाईने तुम्हाला टोचून बोललं, तीच तुमच्या मुलाला रविवारी शिकवते आणि तीच संध्याकाळी समोरच्या अंगणात झाडांना पाणी घालताना दिसते. ज्या बिशपपुढे मन मोकळं करायचं, त्याला समुपदेशनाचं शिक्षण असेलच असं नाही. आमच्या भाषेत सांगायचं तर सगळे भाग एकमेकांना इतके घट्ट जोडलेले आहेत की एका ठिकाणी बिघडलं की सगळीकडे दिवे जातात.

माझ्या टीममधल्या एका सहकारी बाईंच्या बाबतीत तेच झालं. जन्मापासून याच श्रद्धेत वाढलेल्या. चाळिशीत घटस्फोट झाला. वॉर्डातली जेवणाची आमंत्रणं हळूहळू कमी झाली. त्या लहान मुलांना शिकवत, ते काम "सध्या तुम्हाला विश्रांती हवी" असं म्हणून काढून घेतलं. त्यांनी विश्रांती मागितली नव्हती. मग एका रविवारी बायकांच्या वर्गात एक जण म्हणाली की ज्या घरात रोज एकत्र प्रार्थना होते ती घरं मोडत नाहीत. ह्या तिसऱ्या रांगेत बसल्या होत्या. सगळ्यांनी खाली पाहिलं, पण कुणी काही बोललं नाही. त्या मला म्हणाल्या, "त्या वाक्यापेक्षा नंतरची शांतता जास्त लागली."

त्या तीन महिने गेल्या नाहीत. फोन आले, बहुतेक सगळे एकाच सुरात: मनाला लावून घेऊ नकोस, तिचा तसा हेतू नव्हता.

या सुराला त्यांच्याकडे इतिहास आहे. टॉमस मार्श हे चर्चच्या बारा प्रेषितांच्या मंडळाचे पहिले अध्यक्ष. १८३८ मध्ये मिसुरी राज्यात त्यांनी चर्च सोडलं. त्यांच्याबद्दल एक गोष्ट पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते. त्यांची पत्नी आणि शेजारीण चीज करण्यासाठी एकमेकींना दूध देत. धारेचं शेवटचं, साईचं दूध कुणी मागे ठेवलं यावरून भांडण झालं, ते वरपर्यंत गेलं, निकाल पत्नीच्या विरोधात लागला आणि मार्श रागावून निघून गेले. तात्पर्य काय, तर वाटीभर साईसाठी माणसाने श्रद्धा गमावली. पण ही गोष्ट जाहीर भाषणात आली १८५६ मध्ये, म्हणजे अठरा वर्षांनी. १८३८ च्या त्या ऑक्टोबरात मिसुरीत मॉर्मन आणि त्यांचे शेजारी यांच्यात जाळपोळ, लुटालूट चालू होती. मार्श यांनी शपथपत्र देऊन आपल्याच लोकांच्या हिंसेवर आक्षेप घेतला होता. दुधाचं भांडण झालंही असेल. पण सोडून जाणाऱ्या माणसाचं कारण जितकं क्षुल्लक ठरवता येईल, तितकं मागे राहिलेल्यांना बरं वाटतं, हेही खरं. मार्श १८५७ मध्ये परत आले, पण ओळख साईवाले म्हणूनच राहिली.

अगदी अलीकडेही या विषयावर त्यांच्या मोठ्या नेत्यांनी दोन वेगळ्या दिशांनी बोलून ठेवलंय. २००६ च्या ऑक्टोबर परिषदेत डेव्हिड बेडनार यांनी मांडलं की दुखावून घेणं हा आपण केलेला निवाडा असतो. दुसरा माणूस आपल्याला तसं वाटायला भाग पाडू शकत नाही. २०१३ च्या ऑक्टोबर परिषदेत डीटर उख्तडोर्फ यांनी दुसरी बाजू सांगितली. सोडून जाणारा माणूस दुखावलेला, आळशी किंवा पापी असतो असं आपण धरून चालतो, पण ते इतकं सोपं नसतं. चर्चमधल्या नेत्यांच्याही चुका झाल्या आहेत, हे त्यांनी जाहीरपणे कबूल केलं.

मला दोन्ही पटतात, पण वेगवेगळ्या जागी. आमच्याकडे प्रणालीत बिघाड आला की आधी पाहतो, तो कुठल्या थरातला आहे. वापरणाऱ्या एखाद्याचं काही चुकलंय, कामाच्या पद्धतीत काही चुकलंय, की मूळ आराखडाच चुकलाय? थर न ओळखता दुरुस्ती केली तर बिघाड पुन्हा वर येतो. समाजात लागलेल्या घावांचंही तसंच आहे.

पहिला थर माणसाचा. कुणी अजाणता बोललं, आमंत्रण द्यायचं राहिलं, नाव घ्यायचं विसरलं. इथे बेडनार यांचा सल्ला कामी येतो. आपण ठरवलं तर सोडून देता येतं. सोडून द्यायचं नसेल तर त्या माणसाशीच बोलावं, तेही लवकर आणि तिसऱ्याला मध्ये न घालता.

दुसरा थर पद्धतीचा. माझ्या सहकारी बाईंचं काम काढून घेतलं, ते एका माणसाचं वाईट वागणं नव्हतं. घटस्फोटित बाईशी कसं वागावं हे कुणालाच माहीत नव्हतं, म्हणून सगळ्यांनी तिला टाळलं. इथे 'मनाला लावून घेऊ नकोस' म्हणून काही होत नाही. त्यांनी बिशपना एक पानी पत्र लिहिलं. त्यात तक्रारीचा सूर नव्हता, तीन गोष्टी होत्या: काय घडलं, त्याचा माझ्यावर आणि माझ्या मुलांवर काय परिणाम झाला, आणि मला काय हवंय. हवं होतं ते एवढंच की शिकवण्याचं काम परत मिळावं, आणि यापुढे माझ्याबद्दल काही ठरवताना मला विचारावं. बिशप घरी आले, तासभर बसले, काम विचारून न काढल्याबद्दल माफी मागितली. काम दोन महिन्यांनी परत मिळालं. ते वाक्य बोललेल्या बाईंनी मात्र आजतागायत माफी मागितलेली नाही. माझ्या सहकारी त्यांना नमस्कार करतात, जवळ बसत नाहीत. क्षमा केली म्हणजे पुन्हा मैत्री केलीच पाहिजे असं नाही, हे मी त्यांच्याकडून शिकलो.

तिसरा थर नियमाचा, आणि तो सगळ्यात अवघड. एक उदाहरण जेन मॅनिंग जेम्स यांचं. कनेक्टिकटमध्ये वाढलेली ही कृष्णवर्णीय स्त्री. १८४३ मध्ये कुटुंबासह चर्चच्या गावी, इलिनॉयमधल्या नॉवूला निघाली. वाटेत बोटीवर घेतलं नाही म्हणून ही सगळी माणसं शेकडो मैल पायी चालत गेली. ती जोसेफ स्मिथ यांच्या घरात राहिली आणि १८४७ मध्ये युटात पोचली. पण १८५२ पासून कृष्णवर्णीय पुरुषांना याजकपद नाही आणि कृष्णवर्णीय स्त्री-पुरुषांना मंदिरातले सर्वोच्च विधी नाहीत, अशी बंदी चर्चमध्ये रुळत गेली. जेन यांनी त्या विधींसाठी वर्षानुवर्षं नेत्यांकडे अर्ज केले. १८९४ मध्ये त्यांना काय मिळालं? स्मिथ यांच्या कुटुंबाशी कायमची 'सेविका' म्हणून जोडणारा एक विधी, तोही त्यांच्या जागी दुसऱ्या बाईला उभं करून. त्या समाधानी झाल्या नाहीत, पुन्हा अर्ज करत राहिल्या. १९०८ मध्ये वारल्या तेव्हाही नकारच होता. बंदी उठली जून १९७८ मध्ये.

त्याआधी, १९७१ मध्ये, सॉल्ट लेक सिटीतल्या रफिन ब्रिजफोर्थ, डॅरियस ग्रे आणि युजीन ऑर या तीन कृष्णवर्णीय सभासदांच्या पुढाकाराने 'जेनेसिस ग्रुप' सुरू झाला. चर्चमध्येच राहून, नेत्यांच्या संमतीने, आपल्यासारख्यांना एकत्र बसता यावं म्हणून. नियम त्यांच्या हातात नव्हता, पण तो बदलेपर्यंत एकटं पडायचं नाही हे त्यांच्या हातात होतं. २०१३ मध्ये चर्चने एक निबंध प्रसिद्ध करून त्या बंदीच्या समर्थनासाठी पूर्वी दिलेली कारणं नाकारली. जेन यांच्या मृत्यूनंतर एकशे पाच वर्षांनी. त्या हयातीत काही मिळवू शकल्या नाहीत, पण त्यांच्या अर्जांची नोंद राहिली, आणि आज त्यांचं नाव त्यांच्याच चर्चमध्ये आदराने घेतलं जातं. याला विजय म्हणायचं का, मला ठरवता येत नाही.

आणखी एक नियम आपल्याला लगेच समजेल असा. त्यांचं लग्न मंदिरात लागतं, आणि मंदिरात फक्त पात्रतेचा दाखला असलेल्या सभासदांनाच प्रवेश. मुलीने हा धर्म स्वीकारला आणि आईवडील बाहेरचे असले तर मुलीच्या लग्नात आईवडील बाहेर बाकावर. आधी सगळ्यांसमोर नोंदणी पद्धतीने लग्न करावं म्हटलं, तर अमेरिकेत मंदिरातल्या विधीसाठी एक वर्ष थांबावं लागे. २०१९ च्या मे महिन्यात ही वर्षाची अट काढली. मी तिथे होतो तेव्हा ऑफिसात हाच विषय होता. एक वयस्कर सहकारी म्हणाले, "चांगलं झालं. पण माझी आई आता नाही." लेकाच्या मांडवाबाहेर बसलेली आई डोळ्यांसमोर आणून पाहा, म्हणजे त्या वाक्याचं वजन कळेल.

या तीन थरांबाहेरची एक गोष्ट आहे आणि तिच्यात गल्लत नको. मारहाण, लैंगिक अत्याचार, मुलांशी गैरवर्तन हे 'दुखावणं' नाही, गुन्हा आहे. तिथे बिशप, महाराज, अध्यक्ष किंवा घरातले मोठे यांच्याकडे न्याय मागत बसायचं नसतं. आपल्याकडे २०१२ च्या पॉक्सो कायद्याप्रमाणे मुलांवरच्या अत्याचाराची माहिती असणाऱ्या प्रत्येकाने ती पोलिसांना देणं बंधनकारक आहे. मुलांसाठीची मदतवाहिनी १०९८. 'संस्थेचं नाव खराब होईल' हे कारण कुठल्याच धर्मात चालू देऊ नका.

आता सोडून जाण्याबद्दल. माझ्या सहकारी बाईंच्या धाकट्या भावाने चर्च पूर्ण सोडलं, सभासद-यादीतून नावही काढून घेतलं. कारण वेगळं होतं, ते त्याचं त्याला. त्यांच्या आईला आधी फार जड गेलं. आता दर रविवारी दुपारी ही दोन्ही भावंडं तिच्याकडे जेवायला येतात. एक चर्चमधून, एक डोंगरात फिरून. आईने एकच नियम केलाय: टेबलावर कुणी कुणाला परत आणायचं नाही आणि कुणी कुणाला बाहेर काढायचं नाही. राहणारा बावळट नसतो, जाणारा रागीट नसतो. दोघांनी विचार केलेला असतो.

तुम्हाला वाटेल, हे सगळं सातासमुद्रापलीकडचं. तसं नाही. या चर्चचे मिशनरी महाराष्ट्रात फार पूर्वी येऊन गेलेत. १८५२ मध्ये ह्यू फिंडले नावाचे स्कॉटिश गृहस्थ मुंबईत उतरले, पुढे पुण्यातही राहिले. काही वर्षांत ते काम थंडावलं. पण आपल्या हैदराबादेत २०१२ मध्ये या चर्चचा भारतातला पहिला 'स्टेक', म्हणजे अनेक वॉर्डांचा विभाग, स्थापन झाला. इथे ज्याने घरच्यांचा विरोध पत्करून हा धर्म घेतला असेल, त्याला तिथेच कुणी दुखावलं तर त्याने जायचं कुठे? घरी सांगावं तर "आम्ही सांगत होतो" हे ऐकावं लागणार. असा एखादा मित्र, सहकारी तुमच्या ओळखीत असेल तर ते वाक्य मात्र उच्चारू नका.

आणि हे घाव एका धर्माचे नाहीत. बाबा गेले त्या वर्षी संक्रांतीला आईच्या भजनी मंडळात हळदीकुंकू झालं. तिच्यासमोरून तबक पुढे गेलं. वीस वर्षं ज्यांच्याबरोबर टाळ वाजवले त्याच बायका. कुणाच्या मनात वाईट नव्हतं, तशी 'पद्धत' होती. आईने भजन सोडलं नाही, पण संक्रांतीला जाणं सोडलं. चार वर्षांनी एका नव्या सुनेने मंडळात सरळ विचारलं, की तिळगूळ आणि वाण सगळ्यांनाच द्यायला काय हरकत आहे? हरकत कुणाचीच निघाली नाही! एवढी वर्षं फक्त कुणी विचारलं नव्हतं. २०२२ च्या मे महिन्यात कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड गावाने विधवांबाबतच्या अनिष्ट प्रथा बंद करण्याचा ठराव ग्रामसभेत केला, तेव्हा आईने ती बातमी दोनदा वाचली. पद्धतीचा घाव पद्धत बदलूनच भरतो. तिला चार वर्षं 'मनाला लावून घेऊ नका' सांगणारे पुष्कळ होते.

आपल्यातल्या तरुण मंडळींना मी हेच सांगेन. मंडळात, बैठकीत, सत्संगात, नातेवाइकांच्या ग्रुपवर काही लागलं तर आधी थर ओळखा. माणसाचं असेल तर त्या माणसाशी बोला, किंवा सोडा. पद्धतीचं असेल तर काय घडलं आणि काय हवं ते लिहून द्या. रागाच्या भरात लिहिलेलं चार दिवस ठेवून मग पाठवा. नियमाचं असेल तर सोबती शोधा, कारण ते एकट्याचं काम नाही आणि एका वर्षाचंही नाही. आणि झेपत नसेल तर बाहेर पडा, पण त्या गर्दीतली दोन चांगली माणसं मात्र सोडू नका.

ज्यांना कधी काही लागलेलं नाही, त्यांच्यासाठीही एक काम आहे. कुणी तीन-चार कार्यक्रमांना दिसलं नाही, तर फोन करा. "का आला नाहीत" असं विचारू नका, "मनाला लावून घेऊ नका" हेही नको. "तुमची आठवण झाली, घरी येऊ का?" एवढंच म्हणा. गेल्यावर त्यांना बोलू द्या, आपण ऐका. आणि पुढच्या वेळी सगळ्यांसमोर कुणाला असं काही बोललं गेलं, तर खाली पाहू नका.